जुन्या वास्तूच्या शेजारी नवीन बिल्डिंग

जुन्या वास्तूशेजारी नवीन बिल्डिंग येणार म्हटलं की भांडण लगेच स्टाईलवरून सुरू होतं, कमानी करायच्या की काच लावायची, आणि मला अगदी मनापासून वाटतं की हा प्रश्न नंतरचा आहे. आधी उंची किती, खोदायचं किती आणि रस्त्यानं चालणाऱ्याला जुनी वास्तू कुठून कशी दिसते ते बघा ना!

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण फ्रान्समधल्या नीम शहरातलं. तिथे मेझाँ कारे हे दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन मंदिर आहे आणि त्याच्या समोरच आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरने लायब्ररी आणि आर्ट म्युझियमची इमारत केली, तिचं नाव कारे दार, १९९३ मध्ये सुरू झाली. स्टील, काँक्रीट, काच, सगळं आजचं. मंदिराची नक्षी कुठेही उचललेली नाही, फक्त पुढे बारीक उंच खांब आहेत, आणि नऊ मजल्यांपैकी जवळपास निम्मे सरळ जमिनीखाली घातलेत म्हणून ती मंदिराच्या डोक्यावर चढत नाही, मधे मोकळी जागा आणि काचेचे जिने ठेवलेत त्यामुळे उजेड पार खालपर्यंत जातो. समोरच्या चौकातलं पार्किंगसुद्धा हटवलं. हे मला फार मोठं वाटतं.

बॉस्टनला ट्रिनिटी चर्चशेजारी ६० मजली हॅनकॉक टॉवर आहे, त्याच्या काचेत चर्चचं प्रतिबिंब पडतं, फोटो खरंच सुंदर येतो. पण चर्च भरावाच्या जमिनीवर, लाकडी खुंटांवर उभं, आणि टॉवरचा खड्डा खणताना आधाराच्या भिंती वाकल्या, माती सरकली, चर्चचं नुकसान झालं, ते प्रकरण कोर्टात गेलं आणि चर्च जिंकलं. म्हणून खोदायच्या आधीच शेजाऱ्याच्या भिंतींवरच्या भेगांची नोंद हवी, काम चालू असताना हादरे आणि जमिनीतल्या पाण्याची पातळी रोज मोजायला हवी, कारण पाणी उतरलं तर लाकडी खुंट कुजतात. डिझाईनच्या चर्चेत यावर कुणी बोलतच नाही!!

आणि स्टाईल? स्पेनमध्ये मुर्सिया शहरात आर्किटेक्ट राफाएल मोनेओने कॅथेड्रलसमोर नगरपालिकेची इमारत केली, १९९८ ची, दर्शनी भागात मुद्दाम विस्कळीत लावलेले खांब, एकदम आजचे. पण चौकाकडे त्याने दारच ठेवलं नाही, आत जायचं ते बाजूच्या गल्लीतून, कारण त्या चौकात मान कॅथेड्रलचा.