उद्याची तारीख द्या

फुप्फुसांची क्षमता तपासणाऱ्या खोलीत मी सतरा वर्षं काम करतोय. दिवसभर लोकांना ओरडून सांगायचं, "फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका!" आणि मधल्या वेळात मागच्या जिन्यात जाऊन स्वतः फुंकायचं. हा विनोद सहकाऱ्यांनी इतक्यांदा केला होता की शेवटी त्यावर कुणी हसेनासं झालं.

माझं ओढण्याचं वेळापत्रक खरं तर चाचणीनेच आखून दिलं होतं. रुग्णाकडून आधी तीन चांगल्या फुंकरी घ्यायच्या, मग श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचे चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. ती पंधरा मिनिटं रुग्ण बाकावर आणि मी जिन्यात. सिगारेटला सहा मिनिटं, जाण्यायेण्याला दोन, हात धुवायला आणि चूळ भरायला दोन. दिवसाला असे आठ रुग्ण आले की आठ सिगारेटी ठरलेल्या.

मला माहिती नव्हती असं कोण म्हणेल? माझ्या खुर्चीमागे भिंतीवर फ्लेचर आणि पेटो या संशोधकांचा १९७७ सालचा आलेख लावलेला आहे. लंडनमधल्या नोकरदार पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी करून काढलेला. वय वाढतं तशी प्रत्येकाच्याच फुप्फुसांची ताकद उतरते, ओढणाऱ्यांपैकी काहींची फार झपाट्याने; सोडली की गेलेलं परत येत नाही, पण पुढची उतरण न ओढणाऱ्यांसारखी सौम्य होते. हे मी हजारो लोकांना बोट फिरवून समजावलं आहे. पन्नाशीत सोडली तर सरासरी सहा वर्षं वाचतात, चाळिशीत सोडली तर नऊ, हेही मला पाठ होतं. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचे हे आकडे. मी त्रेचाळिशीचा होतो.

भीतीचा मला उपयोग झाला नाही. नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन येणारी माणसं रोज पाहिली की भीती बोथट होते. उलट एखाद्याची धाप पाहून जीव कासावीस झाला की हात आधी खिशाकडेच जायचा.

त्या दिवशी दुपारी तीनला एक काका आले. वय ६१, चाळीस वर्षं रोज पंधराएक सिगारेटी. फॉर्मवरचा ठरलेला प्रश्न मी विचारला, "तासाभरात ओढलीत का?"

"तासाभरात?" ते गोंधळले. "कालपासून नाही. काल दुपारी एकला शेवटची."

"इतकं कशाला? एक तास पुरला असता."

त्यांचा चेहरा असा पडला, की जणू मीच त्यांचे पंचवीस तास चोरले होते. फोनवर त्यांना "चाचणीआधी ओढायची नाही" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी ते रक्ततपासणीच्या उपाशी राहण्यासारखं धरलं, आणि आकडा चांगला यावा म्हणून वर आणखी काही तास स्वतःच्या पदरचे घातले.

फुंकायचं कसं ते मी नेहमी करून दाखवतो. पूर्ण श्वास, ओठ घट्ट, एकदम जोरात, मग शेवटच्या थेंबापर्यंत. करून दाखवताना मला ठसका लागला. लागायचाच, त्यात नवं काही नव्हतं. काका बारकाईने पाहत राहिले. त्यांच्या स्वतःच्या फुंकरी मात्र जुळेनात. दोन सर्वांत चांगल्या फुंकरींमध्ये १५० मिलिलीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, ते पाचव्या प्रयत्नाला साधलं. पफ दिले, घड्याळ लावलं आणि मी उठलो.

"ओढायला निघालात ना?"

"नाही, फाइल आणायची आहे," मी म्हणालो.

"मघाशी फुंकून दाखवलंत तेव्हाच वास आला, साहेब. जा, ओढून या. आल्यावर फक्त जरा जवळ बसा."

ते हे गमतीने म्हणाले असते तर मी हसून गेलो असतो. पण त्या डोळ्यांत जे आर्जव होतं ते मी रोज सकाळी आरशात पाहत होतो. मी खाली बसलो. मोठेपणा वगैरे काही नाही, लाज वाटली.

ती पंधरा मिनिटं आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसून काढली. बायकोने घातलेली शपथ तीन दिवस टिकली होती, म्हणाले. नातू झाला तेव्हा सोडली, ती बारशापर्यंत. एका डॉक्टरांनी काळवंडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवले, तर घरी जाऊन दोन जास्तच ओढल्या.

"मग हे सव्वीस तास कसे निघाले?"

"हे? हे काय सोडणं झालं का? तपासणी होती म्हणून थांबलो."

पुन्हा फुंकून घेतलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा २.०२ लिटर, एकूण ३.३१. भागाकार ०.६१. औषधानंतरही ०.७०च्या खाली, म्हणजे श्वासनलिकांमध्ये अडथळा आहे. याचा अर्थ रुग्णाला सांगणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण यंत्र कागदावर फुप्फुसांचं वयही छापतं, म्हणजे तेवढीच हवा फुंकणाऱ्या निरोगी माणसाचं वय, आणि तो आकडा कुणालाही वाचता येतो. ८४. असं वय सांगितलं की लोक जास्त सोडतात, हे २००८ साली इंग्लंडमधल्या ५६१ जणांच्या अभ्यासात दिसलं होतं: वर्षाने १३.६ टक्के, वयाऐवजी नुसता लिटरचा आकडा सांगितलेल्यांत ६.४. दुप्पट खरे, पण शंभरातले शहाऐंशी तरीही ओढतच होते. काका कागदाकडे पाहून एवढंच म्हणाले, "वडील गेले तेव्हा याच वयाचे होते." मग कागदाची घडी घालत विचारलं, "पुढची तपासणी कधी?"

"सहाएक महिन्यांनी. डॉक्टर सांगतील."

"उद्याची तारीख द्या ना."

मी हसलो. ते हसत नव्हते.

उद्या तीच चाचणी करणं शक्य नव्हतं. पण खणात एक लहान यंत्र पडून असतं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं. श्वास पंधरा सेकंद रोखायचा आणि हळू सोडायचा, एवढंच. काकांचा आकडा आला ३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तीन, न ओढणाऱ्यासारखा. त्यांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. मी नळी बदलली आणि फुंकलो. २२. उपदेश नाही, टोमणा नाही. "उद्या दोघांचं बघू," म्हणाले आणि गेले.

हा वायू शरीरात दर चार-पाच तासांनी निम्मा होतो, त्यामुळे यंत्राला फार तर कालचं कळतं. त्याला फसवायचं तर दिवसभर न ओढता राहावं लागतं, आणि आम्हाला तेवढंच तर हवं होतं.

काका सलग नऊ दिवस आले. पहिल्या दिवशी मी ९वर होतो, तिसऱ्या दिवशी ४वर. तो तिसरा दिवस मी कुणालाच देऊ इच्छित नाही. एका बाईंवर मी उगाच खेकसलो, नंतर माफी मागितली. उठल्यावर पाच मिनिटांत पहिली सिगारेट लागणारा मी, म्हणून डॉक्टरांनी ४ मिलिग्रॅमचं निकोटिनचं गम दिलं. ते मी साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चावलं आणि उचक्यांनी बेजार झालो. ते चार-पाचदा चावून, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं असतं. इतरांना हे मी बिनचूक सांगत आलो होतो!

मनाशी एकच युक्ती धरली होती. तासाभराने माझी चाचणी आहे. आता ओढता येणार नाही, चाचणी झाली की बघू. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरते, तास तर लांबच. आणि चाचणी काही होत नसे, ती पुन्हा तासभर पुढे जाई. "कायमची सोडली" असं मी आजही म्हणत नाही, ते शब्द तोंडात आले की लगेच पेटवावीशी वाटते.

एकोणिसाव्या दिवशी एक ओढली. तोवर काका यायचे बंद झाले होते, त्यामुळे सांगायलाही कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी यंत्रात एकटाच फुंकलो आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.

सहा महिन्यांनी काका चाचणीला आले. मधे एका मयतानंतर आठवडाभर पुन्हा ओढल्याचं आपणहून सांगितलं. २.०४ लिटर. "एवढंच वाढलं?" त्यांनी विचारलं. हा फरक मोजमापातलाच, वाढ धरायची नाही, असं म्हणून मी भिंतीवरच्या आलेखावर बोट ठेवलं. घसरलं नाही, हेच बघायचं.

पफनंतरच्या पंधरा मिनिटांत आम्ही बाकावर बसलो. जिन्याचं दार उघडं होतं. मला अजून या वेळाचं काय करायचं ते नीटसं कळलेलं नाही. त्या आठवड्यात तर फारच जड जात होतं.

निघताना त्यांनी तारीख मागितली नाही. मीच कार्डाच्या मागे लिहून दिली, उद्या दुपारी तीन.

"माझा आकडा तर चांगला आला की," ते म्हणाले.

"माझ्यासाठी या," म्हटलं.