केटरिंगचा सोमवार

आमचं महिला मंडळ इंग्लंडमधल्या केटरिंगच्या बाप्तिस्ट भगिनींकडे प्रार्थना दिनाला गेलं, त्या तयारीच्या या गोष्टी. बाप्तिस्ट म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा देणारा ख्रिस्ती पंथ. या भगिनींचा जागतिक प्रार्थना दिन नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आपल्याकडे सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या मिळून पाळतात तो वेगळा. पत्र लिहिताना ही गल्लत हमखास होते आणि यजमान बायका गोंधळतात. आम्ही सोमवार धरला आणि बाकीचा प्रवास त्याच्या मागेपुढे आखला.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे नोव्हेंबरसाठी ऑगस्टमध्ये. गट असला तरी अर्ज प्रत्येकीचा स्वतंत्र. निमंत्रणपत्रात राहण्याचा पत्ता, तारखा आणि खर्च कोणाचा, हे तिन्ही हवं. सगळ्यांचे पैसे एकीच्या खात्यात गोळा करू नका. अर्जाच्या तोंडावर अचानक वाढलेली शिल्लक दिसली की संशय येतो आणि खुलासा जोडलेला नसला तर नकार येऊ शकतो. सरकारी दवाखान्यातल्या नर्स किंवा सरकारी नोकरीतल्या शिक्षिका असतील तर परदेशी पाहुणचार घेण्याआधी परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) कलम 6 प्रमाणे केंद्राची परवानगी लागते. खात्याचं ना-हरकत पत्र त्याशिवाय वेगळं.

तूप, पेढे, खवा, सुकं मटण सामानात नको. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा चालतो, पण त्यात शेंगदाणे असतील तर चर्चच्या टेबलावर ठेवताना चिठ्ठी लावा. तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी फार गांभीर्याने घेतात. कोणी ‘प्लेट घेऊन या’ म्हणालं तर रिकामी ताटली नव्हे, पदार्थ भरून न्यायचा असतो.

सगळ्यात जास्त घोळ रेल्वेचा. केटरिंगची गाडी लंडनच्या सेंट पँक्रसहून सुटते, पुढे पाहायच्या नॉर्दम्प्टनची यूस्टनहून. दोन्ही गावं एकाच परगण्यातली, अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण त्यांच्यात थेट रेल्वे नाही. मधला प्रवास बसचा. केटरिंग सेंट पँक्रसपासून साधारण तासाभरावर. गर्दीची वेळ टाळून तीन ते नऊ जणींनी एकत्र तिकीट काढलं तर ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सूट मिळते. दहाव्या बाईला घेतलं की ती सवलत लागू होत नाही, गटाचं आरक्षण वेगळं करावं लागतं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, म्हणून पाहण्याची ठिकाणं सकाळीच उरका.

केटरिंगच्या लोअर स्ट्रीटवरचं जुनं घर अजून उभं आहे. 2 ऑक्टोबर 1792 रोजी इथल्या मागच्या खोलीत बाप्तिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणी ठरली 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. यादीत नावं पुरुषांची, घर मात्र विधवा मार्था वॉलिस बाईंचं. महिला मंडळाने तरी त्या घरासमोर त्यांचं नाव आधी घ्यावं, असं आमचं मत. जवळच्या फुलर चर्चमधल्या जुन्या वस्तू पाहायच्या तर आधी कळवून जा.

नॉर्दम्प्टनजवळच्या मोल्टनला विल्यम कॅरीचं घर आहे, याच सोसायटीतर्फे भारतात आलेल्या मिशनऱ्याचं. 1785 ते 1789 तो इथे शाळा चालवी, जोडे शिवी, उपदेश करी. कामाच्या जागी त्याने कागद जोडून केलेला जगाचा नकाशा लावला होता. याच माणसाचं मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपुराहून निघालं आणि 1810 चा मराठी कोश मोडी टायपात छापला गेला. दोन्हींच्या मागे पंडित वैजनाथ शर्मा होते. हे यजमानांना बहुधा ठाऊक नसतं, मुद्दाम सांगा. पिडिंग्टनचं गावचर्चही पाहावं. 1781 मध्ये तिथे लग्नाच्या नोंदवहीत कॅरीची बायको डोरोथी हिने सही म्हणून फुली मारली, कारण तिला लिहिता येत नव्हतं. 1793 मध्ये तान्हं बाळ घेऊन ती भारताच्या जहाजावर चढली, तीही बहीण किटी सोबत आली म्हणून.

सभेत एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही बाप्तिस्ट आहात का? आम्ही सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या. 1970 मध्ये नागपुरात सीएनआय झाली तेव्हा उत्तर भारतातल्या बाप्तिस्ट मंडळ्याही तिच्यात आल्या, म्हणून आमच्याकडे बालकाचा आणि प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य. एवढं सांगितलं की शंका फिटते. बाप्तिस्ट चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद बहुधा व्यासपीठाखाली असतो, फळ्या उचलल्या की दिसतो. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत, एकच पेला फिरत नाही. ट्रेमधून अंगठ्याएवढे काचेचे पेले येतात, तो बिनअल्कोहोली रस सगळ्यांनी एकदम प्यायचा. आपला पेला आला की लगेच तोंडाला लावू नका, खूण होईपर्यंत हातात धरा.

भजन एकच ठेवा आणि त्याचे शब्द रोमन लिपीत छापून न्या, म्हणजे त्यांनाही धृपद धरता येतं. टाळ मोठ्या बॅगेत टाका.

शेवटी देणगीचं पाकीट पुढे येतं. प्रेमाचं असतं, तरी मंडळासाठी रोख घेऊ नका. परदेशी देणगी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तीही दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच घेता येते. हे पहिल्या पत्रातच लिहून टाका, म्हणजे चहाच्या टेबलावर कोणाचा हात अवघडत नाही.