दाद्यांच्या मागचा

मेडिकलमधला पोरगा वाईट काही बोलला नाही. म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. शिवी दिली असती तर हिशेब तिथल्या तिथं मिटला असता. स्ट्रिपची डबी पिशवीत घालता घालता तो थांबला, माझ्याकडं नीट बघितलं आणि एकदम खुलून म्हणाला, "तुम्ही ते रॅपवालं न्हवं? दाद्यांच्या मागं असायचा बघा!" वर सुट्टे पाच रुपये सोडून दिले. स्ट्रिप कुणासाठी, हे विचारलं नाही. बरं झालं.

मागं. मागं कधी होतो मी? दाद्या आणि मी जोडीनं रॅप करायचो. शेजारी उभा असायचो, फोटो आहेत. शिवाजी पेठेतल्या त्या मंडळाच्या स्टेजवर मागं सरकायला जागाच नव्हती. मागं थेट बाप्पा. हलगीवाला तर अर्धा स्टेजच्या बाहेर. तरी त्या पोराच्या डोळ्यांत मी मागंच राहिलो. पोरगा तेव्हा सहावी-सातवीत असेल. लहान पोरं खोटं बघत नाहीत म्हणतात, हे आणखी वाईट.

घरी आल्यावर हेडफोन लावून ट्राइब ऐकत बसलो. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, म्हणजे अमेरिकेतला जुना रॅप ग्रुप, ऐकताना लोक त्यातल्या क्यू-टिपबद्दल बोलतात. तो देखणा, बीट त्याचे, डोकं त्याचं, मुलाखतीही त्याच्याच. मी त्याच्या जोडीच्या रॅपरकडं, फाइफ डॉगकडं बघत आलोय. पाच फूट तीन इंच उंची, आवाज वरचा, जरा खरखरीत, बोलणं सरळ गल्लीतलं. दोघं न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये अगदी लहानपणापासूनचे दोस्त. १९९० साली पहिला अल्बम आला तेव्हा फाइफ त्यात मोजक्याच गाण्यांत होता. म्हणजे हाही मागंच. पण पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये गडी असा काही सुटला की त्याच्याशिवाय तो अल्बम आठवताच येत नाही. त्यातलं एक गाणं क्वीन्समधल्याच लिंडन बुलेव्हार्ड रस्त्यावरच्या ड्रायक्लीनरच्या छपरावर चढून चित्रित केलंय. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. कोण पुढं, कोण मागं, ओळखून दाखवा.

तो व्हिडिओ दाद्याला मीच दाखवला होता. रंकाळ्याच्या कठड्यावर, माझ्याच मोबाईलवर, माझ्याच नेटपॅकवर. हे कुणाला माहीत नाही. आता सांगत फिरलो तर कडवट दिसेल, म्हणून इथं लिहितोय.

खरं म्हणजे पोराचीही चूक नाही. आमच्याकडं बघणाऱ्याचा डोळाच तसा तयार झालेला. पोवाड्यात शाहीर पुढं, डफ त्याच्या हातात, फेट्याचा तुरा त्याचा. झीलकरी मागं, कानावर हात ठेवून 'जी जी र जी'. दम शाहिराला लागला की ओळ पकडायची कुणी? झीलकऱ्यानं. टाळी कुणाला? पत्रिकेवर छापतात 'शाहीर अमुक-तमुक आणि पार्टी'. इतकी वर्षं मी ती 'आणि पार्टी' होतो आणि मला वाटत होतं आम्ही दोघं आहोत.

मंडळं, गॅदरिंग, मग ती रील, मग पुण्याची सुपारी, मग ते पैशाचं. ते पैशाचं आज नको.

फाइफचंही असंच काहीतरी झालं असणार. १९९६ चा त्यांचा अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, पहिल्या नंबरला गेला, आणि नेमकं तेव्हाच आतून सगळं विसकटलेलं. फाइफ अटलांटाला राहायला गेलेला, रेकॉर्डिंगपुरता यायचा. बाहेर एक नंबर आणि आत कुणी कुणाशी धड बोलत नाही, हे कसं असतं ते मला कुणी शिकवायला नको. आमचा व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला त्या महिन्यात दाद्या आणि मी हलगीवाल्यामार्फत बोलत होतो. त्याची काय दशा झाली असेल बिचाऱ्याची. १९९८ च्या सुरुवातीला क्यू-टिपच्या घरच्या स्टुडिओला आग लागली, हजारो रेकॉर्ड जळाल्या, त्याच वर्षी ग्रुप मोडला. आमची कुंभार गल्लीतली खोली २०१९ च्या पुरात गेली. मिक्सर, माईक, लॅपटॉप, भिंतीला लावलेले अंड्यांचे ट्रेसुद्धा. त्यांचं आगीनं नेलं, आमचं पंचगंगेनं. पुरानंतर दाद्या पुण्याला गेला तो गेलाच.

तर काल रात्री दाद्याचा मेसेज. हाय-बाय नाही, नुसती एक बीट. खाली लिहिलेलं, 'परत सुरू करतोय. चार ओळी टाक तुझ्या स्टाईलच्या, शनिवारपर्यंत पाठव.'

चार ओळी.

बीट चांगली आहे, तीच अडचण आहे. हलगी खरी वाजवून घेतलीय, कॉम्प्युटरमधली नाही, आणि दुसऱ्या फेरीला घुमकं येतं तिथं पोटात काहीतरी होतं. तिथं सोळा ओळी बसतात. मी मोजल्या. त्यातल्या चार मला. कोथिंबीर घालतात तशा वरून भुरभुरायच्या. आज दिवसभर हेच चाललंय, ऑफिसात बिलं तपासताना, गंगावेशीत दूध घेताना. दाद्याला चारच का वाटल्या? मला विचारावंसंही का वाटलं नाही? आणि त्यात संध्याकाळी तो मेडिकलवाला.

फाइफला पुढं यायला काय करावं लागलं बघा. मधुमेह त्याला पहिल्या अल्बमच्या सुमारासच निघाला. गाण्यातसुद्धा स्वतःला डायबेटिक म्हणवून घेतलं त्यानं, लपवलं नाही. २००८ मध्ये बायकोनं किडनी दिली. पुढं ती किडनीही थकली, पुन्हा डायलिसिस. २२ मार्च २०१६ ला गेला, वय ४५. नोव्हेंबरात शेवटचा अल्बम आला, पहिल्या नंबरला. दुसऱ्या दिवशी रात्री टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम झाला, फाइफची ओळ आली तेव्हा त्याच्या चित्राचा भलामोठा पडदा खाली सोडला आणि नुसता त्याचा आवाज. त्या रात्री सगळ्यात पुढं तोच होता. मग लिंडन बुलेव्हार्डच्या एका कोपऱ्याला त्याचं नाव दिलं. म्हणजे पुढं यायला मरायचं काय?

हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. कोल्हापुरात चौकाला माझं नाव द्यायचं म्हटलं तर आधी महापालिकेत ठराव, मग फलक कुठल्या पेठेच्या हद्दीत यावरून दोन तालमींत वाद, मग फलकाच्या उद्घाटनाला दाद्याच प्रमुख पाहुणा. आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'. एवढ्यासाठी मरणं परवडायचं नाही.

हिनं आतून विचारलं, "एकट्यानंच काय हसताय?" म्हटलं, काही नाही, रॅप. "अजून?" म्हणाली. त्या 'अजून'मध्ये बरंच होतं. सोडून दिलं.

पण मेलेल्या फाइफकडंच बघत बसलो तर मधलं राहून जातं. १३ नोव्हेंबर २०१५ ला हे सगळे टीव्हीवर एकत्र वाजवायला आले, पहिल्या अल्बमची पंचविशी म्हणून. पॅरिसला हल्ला झाला तीच रात्र. वाजवता वाजवता जुनं काहीतरी जागं झालं आणि ठरलं की अल्बम करायचा, कुणाला न सांगता. क्यू-टिपनं अट घातली. कुणी फाईल पाठवायची नाही. गायचंय त्यानं न्यू जर्सीला माझ्या घरी यायचं, समोर बसायचं. आणि डायलिसिसवरचा हा माणूस कॅलिफोर्नियाहून विमानानं जायचा. पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. इतक्या वर्षांची भांडणं, कॅमेऱ्यासमोर झालेली सुद्धा, ती घेऊन त्याच्याच घरी, त्याच्याच स्टुडिओत. मोठेपणा कुणाचा, बोलावणाऱ्याचा का जाणाऱ्याचा, मला सांगता येत नाही. पण त्या अल्बमवर फाइफ कुठंही चार ओळींचा वाटत नाही, एवढं कानाला कळतं.

मला तर पुण्याहून कुणाला विमानानं आणायचं नाही. एस. टी. आहे.

दाद्याला लिहिलं, 'फाईल पाठवणार नाही. कोल्हापूरला ये. समोर बसून लिहू. आणि सोळा.'

निळ्या टिका लगेच झाल्या. उत्तर येईना. मी दात घासून आलो, तरी नाही. एकदा वाटलं मेसेज काढून टाकावा. फाइफनं असलं काही केलं नसतं, पण फाइफकडं डिलीट फॉर एव्हरीवन होतं कुठं तेव्हा.

मग आलं. 'सोळा कशाला लागतात रे तुला मर्दा?'

'आठ तुझ्या, आठ माझ्या' असं लिहून खोडलं. 'सोळा माझ्या. तू मागं जी जी कर.' असं पाठवलं.

पलीकडनं तांबड्या तोंडाच्या हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग, 'रविवारी येतो. वहिनींना सांग मटण तुझ्याकडं. पांढरा लई दिवसांत प्यालो नाही.' मग, 'काय लिहिलंयस दाखव तरी.'

लिहिलेलं काहीच नव्हतं. पण असं सांगायचं कसं, म्हणून तिथल्या तिथं टाइप करत गेलो, घुमक्याच्या फेरीवर मोजून. गुळाची पेठ, उसाचा ट्रॉली-ट्रॅक्टर, आणि त्याच गावात सकाळी उपाशीपोटी बोट टोचणारा मी. चहा बिनसाखरेचा, गोळी जेवणानंतर. बऱ्या जमल्या, खोटं कशाला बोलू. सहाव्या ओळीच्या शेवटी त्या गोळीचं नाव, मेटफॉर्मिन आलं आणि गाडी अडली. त्याला यमक मिळेना. यास्मिन बसतं, पण ती कोण, हे घरात सांगावं लागेल.

सहा ओळी तशाच पाठवल्या.

आता उत्तर आलंय, 'मेटफॉर्मिन कुणाला चालू हाय? काकांना का तुला?' आणि लगेच फोन. मी उचलला नाही. रविवारी येतोयच की. आधी ते यमक.