साडेतीनशे ग्रॅम

आज परळच्या ओपीडीत वजन साडेतीनशे ग्रॅम कमी भरलं. तीन महिन्यांत एवढंच. तरी बाहेर येऊन आईला फोन केला आणि रडले.

गाठीच्या ऑपरेशननंतर माझ्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला इजा झाली. चरबीतून निघणारं लेप्टिन 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देतं, तो वाचणारी जागाच ही. आता दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी भूक तशीच, आणि शरीर ऊर्जाही कमी खर्चतं.

दादरच्या जिन्यावर ओळखीच्या काकू म्हणाल्या, "जरा तोंडावर ताबा ठेव गं." खूप लागलं. रोज शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारते मी, काकू.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, "वाढलं नाही, हेच मोठं."

रात्री आईने मुगाचं धिरडं केलं. दुसरं मागितलं नाही. भूक होती.