सरकारी बिल अडकलंय? आधी डिलिव्हरी चलन बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरवाल्यांशी गप्पा मारायला बसलं की विषय फिरून फिरून सरकारी पेमेंटवर येतोच. हॉस्पिटलचं नाहीतर होस्टेलचं टेंडर लागतं, माल वेळेत जातो आणि मग बिल महिनोन्महिने टेबलावर पडून. मला स्पष्ट वाटतं, आपले लोक टेंडर भरायला शिकले पण तक्रार करायला नाही शिकले.

ईएमडी म्हणजे अनामत रक्कम, एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, टेक्निकल आणि फायनान्शियल असे दोन लिफाफे, हे सगळं तोंडपाठ असतं. पण पैसे ज्याच्या जोरावर वसूल होतात तो ॲक्सेप्टन्स, म्हणजे माल स्वीकारल्याचा दिवस, तिकडे कुणी बघतच नाही. 2006 च्या एमएसएमईडी म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे की डिलिव्हरीनंतर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरायचा, आणि करारात काहीही लिहिलं तरी तिथून 45 दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ!

आता होतं काय, टेम्पो गेटवर जातो, स्टोअरवाला म्हणतो साहेब मीटिंगला गेलेत, गठ्ठे ठेवून जा, सही उद्या घ्या. ड्रायव्हर बिचारा परत. चलनावर ना सही ना शिक्का ना तारीख. पुढे ऑफिस म्हणतं मालच उशिरा आला, मग काय दाखवणार? फार वाईट वाटतं हो, त्या पैशात कामगारांचा पगार असतो, सुताची उधारी असते.

तक्रारही वेळेवरच करावी लागते. अटी एकाच कंपनीच्या सोयीच्या वाटल्या तर प्री-बिडला, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या मीटिंगलाच लेखी विचारा, टेक्निकलला बाद केलं तर फायनान्शियल लिफाफा उघडायच्या आत कारण मागा, वर्क ऑर्डर निघाल्यावर ओरडून फार काही हाती लागत नाही. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर माल दिला असेल तर सीआरएसी, म्हणजे माल मिळाल्याचं आणि स्वीकारल्याचं सर्टिफिकेट निघालं का बघा, त्यानंतर 10 दिवसांत पेमेंट व्हायला पाहिजे, नाही झालं तर तिथेच इन्सिडेंट म्हणजे तक्रार टाका. तरीही नाही तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर थकबाकीची तक्रार करा, तिथून केस सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाते. फक्त उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, माल देण्याच्या आधीची हवी, आणि पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, बिल, सही-शिक्क्याचं चलन सोबत जोडा.

पुढची ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसणारे खूप आहेत, पण मागचेच पैसे आले नाहीत तर पुढच्या ऑर्डरचं सूत कशाने आणणार?