पावसात घरबसल्या कुर्डी

सकाळपासून नुसता कोसळतोय. रविवार असून बाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडून बसलो. आमच्या गोव्यातल्या डिचोलीतच एक हिरवागार डोळा सापडला, भोवती लाल पायऱ्या. मला वाटलं, एवढं तळं आपल्याला कसं माहीत नाही! आई चष्मा पुसत म्हणाली, "अरे खाण ती. २०१२ साली बंद पडल्या, मग पाणी भरलं."

मग सांग्याला सरकलो. साळावली धरणाचा सांडवा वरून अगदी घोड्याच्या नालेसारखा. त्यामागे नुसतं निळं पाणी. जुन्या इमेजेसची पट्टी मागे सरकवत एका उन्हाळ्यावर थांबलो, तर पाणी हटलेलं आणि तांबड्या चिखलात बारीक चौकोन. कुर्डी! गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं, या धरणात बुडालेलं गाव. दर मे महिन्यात वर येतं, लोक सोमेश्वराच्या देवळात जमतात, हे ऐकून होतो. आई मात्र स्क्रीनला नाक लावून विचारत होती, "यातलं देऊळ कुठलं रे?" झूम केलं की सगळं धूसर. तासभर शोधलं. भात करपला तो वेगळाच.