बंद करून चालू करायला काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न ठरलेला: "फोन अडकला की आम्ही बंद करून चालू करतो. तुमच्या पिक्सेल डिटेक्टरचं मॉड्यूल गप्प झालं तर तेच का नाही करत?"

अहो, करतात! 2017 मध्ये सीएमएसवर, म्हणजे सर्नच्या एलएचसी या कणत्वरकावरच्या एका मोठ्या प्रयोगात, तेच केलं आणि अंगाशी आलं. तिथला पिक्सेल डिटेक्टर टकरींतून उडणाऱ्या कणांच्या वाटा टिपतो.

एका मॉड्यूलवर 16 चिप, 66,560 पिक्सेल. या चिपना पाळीपाळीने बोलतं करते ती टीबीएम (टोकन बिट मॅनेजर) नावाची आणखी एक चिप. डिटेक्टरचा सगळ्यात आतला थर प्रोटॉनांच्या बीमपासून जेमतेम 3 सेंटीमीटरवर, दर 25 नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांच्या टकरी. एखादा कण टीबीएमच्या नको त्या बिटवर आदळला की बिट उलटतो, मॉड्यूल मुकं. एरवी रिसेटवर भागतं. या एका बिघाडापर्यंत मात्र रिसेट पोचतच नव्हता. वीज तोडायची, पुन्हा द्यायची, एवढाच इलाज.

वीज तोडायची कुठे? जुन्याच केबल वापरायच्या असल्याने सुमारे 10 व्होल्ट आत नेऊन डिटेक्टरजवळ डीसी-डीसी कन्व्हर्टरने, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटने, उतरवले होते. असे 1,216 कन्व्हर्टर. त्यांचं आउटपुट बंद-चालू करणं सगळ्यांत सोपं, म्हणून तेच करत गेले. ऑक्टोबरमध्ये कन्व्हर्टर मरू लागले. बंद केलेला पुन्हा उठेचना. वर्ष संपेपर्यंत सुमारे 5 टक्के गेले.

चाचणी नव्हती केली का, असं लगेच विचारू नका. नुसत्या किरणोत्सर्गाला कन्व्हर्टरमधली चिप पुरून उरत होती, नुसत्या बंद-चालूलाही. दोन्ही एकत्र आले तेव्हा घात झाला. किरणोत्सर्गाने आतला एक ट्रान्झिस्टर गळका होतो. आउटपुट चालू असेपर्यंत ती गळती खपून जाते, बंद केलं की तिला वाट उरत नाही, आतलं व्होल्टेज चढतं आणि चिप जळते. हे कोडं सुटायला महिने लागले. एलएचसीच्या हिवाळ्याच्या बंदीत डिटेक्टर बाहेर काढून सगळे कन्व्हर्टर बदलले. वरवर धडधाकट दिसणारेही बरेच आतून दुखावलेले निघाले.

नवेही त्याच जातीचे होते. म्हणून 2018 मध्ये इनपुट व्होल्टेज कमी केलं आणि आउटपुट बंद करायचं सोडलं. गरज पडली तर मूळ वीजपुरवठाच तोडायचा.

पूर्वी मी सरळ सांगायचो, दोष कन्व्हर्टरचा. पण टीबीएमला धड रिसेट असता तर कन्व्हर्टरला इतक्यांदा बंद कोणी केलं असतं? आणि टीबीएमलाच धरावं, तर कन्व्हर्टरमधली गळती राहतेच की. पुढच्या दीर्घ बंदीत आतला थर नव्याने घातला तेव्हा टीबीएमही सुधारली आणि कन्व्हर्टरची चिपही.